विमान–भूवाहन टक्कर, विमानतळावरील

विमानतळावर जमिनीवरून चालणारे, उड्डाणासाठी धावणारे किंवा नुकतेच उतरलेले विमान आणि जमिनीवरील एखादे वाहन यांची जी टक्कर होते, तिला ही संज्ञा लावतात. स्वतःच्या एंजिनांच्या बळावर जमिनीवरून चालण्याच्या विमानाच्या क्रियेला ‘टॅक्सी करणे’ म्हणतात. भूवाहनांत इंधनाच्या टाकीगाड्या, सामानाचे ट्रॅक्टर, प्रवाशांच्या बसगाड्या, विमान मागे ढकलणारे टग, अग्निशामक बंब, धावपट्टीची तपासणी करणाऱ्या जीपगाड्या, तसेच बांधकामाची व बर्फ हटविण्याची यंत्रे यांचा समावेश होतो. विमानतळाच्या कुंपणाबाहेरील सार्वजनिक रस्त्यावरील वाहन या व्याख्येत काटेकोरपणे बसत नाही. तथापि महाराष्ट्रातील या प्रकारचा सर्वांत भीषण अपघात अशाच एका रस्त्यावर, औरंगाबादजवळील बीड रस्त्यावर, घडलेला असल्यामुळे त्याचाही विचार येथे केला आहे.

विमानतळाच्या जमिनीचे वाहतुकीच्या दृष्टीने तीन भाग पडतात. विमान जेथे उभे करून प्रवासी, सामान व इंधन यांची चढउतार होते त्या फरसबंद जागेला ॲप्रन म्हणतात. तेथून धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटा म्हणजे टॅक्सीपथ आणि तिसरा भाग प्रत्यक्ष धावपट्टीचा. यांपैकी टॅक्सीपथ व धावपट्टी यांवर नियंत्रण मनोऱ्याच्या परवानगीवाचून कोणत्याही वाहनाने जावयाचे नसते. ॲप्रनवर मात्र विमाने आणि वाहने यांचा सहवास अटळ असतो आणि बहुसंख्य टकरी तेथेच होतात [⟶ विमानतळ].

मार्गहक्काचा नियम सोपा आहे. उतरणाऱ्या, उड्डाण करणाऱ्या, टॅक्सी करणाऱ्या व ओढून नेल्या जाणाऱ्या विमानाला प्रत्येक वाहनाने वाट द्यावयाची असते. विमान ओढणाऱ्या वाहनाला इतर वाहनांनी वाट द्यावी लागते. संकटात सापडलेल्या विमानाच्या मदतीस धावणाऱ्या वाहनांना जमिनीवरील इतर सर्व वाहतुकीपेक्षा अग्रहक्क असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने घालून दिलेले हे नियम भारतातही लागू आहेत. नगरातील रस्त्यावर मोठ्या वाहनापेक्षा पादचाऱ्याला जपावे, असा संकेत आहे. विमानतळावर तो उलटा असतो, कारण तेथे मोठे वाहनच अधिक असहाय असते.

ही असहायता विमानाच्या रचनेत आहे. विमान उडण्यासाठी घडविलेले असते, चालणे हे त्याचे दुय्यम काम होय. त्याचे वैमानिक उंचावर व अगदी पुढे बसलेले असतात. बोइंग ७४७ सारख्या विमानात त्यांचे डोळे जमिनीपासून साडेआठ मी. च्या आसपास उंचीवर असतात आणि नाकापुढील वीस-पंचवीस मी. जमीन त्यांना दिसत नाही. त्यामुळे नाकाखाली शिरलेला ट्रॅक्टर किंवा मोटारगाडी वैमानिकाच्या दृष्टीने नाहीशीच होते. पंखांची टोके व शेपटी यांच्याकडे तर सोयीने पाहताच येत नाही. पंखांची सु. ३६ मी. रुंदी असलेले विमान चालविणारा माणूस टॅक्सीपथाच्या मधल्या पिवळ्या रेषेवर नाकाचे चाक ठेवतो आणि दोन्ही बाजूंची जागा मोकळी असणार, असे गृहीत धरतो. हे गृहीत खरे ठरविण्याची जबाबदारी जमिनीवरील माणसांची असते.

विमान एकाएकी थांबविणेही कठीण असते. सरळ टॅक्सीपथावर जेट विमाने ताशी ३५ ते ५५ किमी. वेगाने चालतात व वळणावर हा वेग निम्म्याहून कमी करतात. ७० टन वजनाचे विमान ताशी ३६ किमी. वेगाने चालत असता त्याची गतिज ऊर्जा त्याच वेगाच्या १० टनी मालमोटारीच्या सातपट असते. उलट त्याचे ॲल्युमिनियमचे आवरण अनेक ठिकाणी केवळ एक ते दोन मिमी. जाडीचे असते. पंखांत इंधन साठविलेले असते. एंजिनाच्या तोंडाशी हवा प्रचंड वेगाने आत ओढली जाते आणि मागून तितक्याच जोराने बाहेर फेकली जाते. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या एंजिनात एक तंत्रज्ञ ओढला जाऊन मृत्यू पावला. विमान मागे ढकलून झाल्यावर जमिनीवरील कर्मचारी दूर होण्यापूर्वीच ते चालू लागले होते. ही घटना वाहनाच्या टकरीची नव्हे. परंतु टग सोडविणे, खूण करणे व विमान चालू होणे या काही सेकंदांच्या साखळीतील एक कडी निसटली म्हणजे काय होते, याचे ते उदाहरण आहे.

विमानवाहतुकीच्या प्रारंभी हा प्रश्न जवळजवळ नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू मैदानावर उतरले, तेव्हा एका विमानाची उस्तवार करण्यास मोजकी माणसे पुरत. जेट विमाने आल्यावर चित्र पालटले. मध्यम आकाराचे प्रवासी विमान दोन उड्डाणांच्या मध्ये पाऊण तास उभे राहिले, तरी तेवढ्या अवधीत त्याच्याभोवती इंधनाची गाडी, शिड्या, सामानाच्या ट्रॉल्यांच्या माळा, सरकत्या पट्ट्याची गाडी, खाद्यपदार्थांची उंच उचलली जाणारी गाडी, पाण्याची व शौचकूप साफ करणारी गाडी, वीज पुरविणारा जनित्र आणि शेवटी टग अशी दहा-बारा वाहने येऊन जातात. विमान जितका कमी वेळ जमिनीवर राहील तितका कंपनीचा लाभ अधिक, म्हणून ही सर्व कामे घाईने होतात. त्यांपैकी पुष्कळशी कामे विमान कंपनीकडे नसून ठेकेदाराकडे असतात. घाई, रात्रपाळीचा थकवा आणि विभागलेली जबाबदारी ही ॲप्रनवरील टकरींची मुळे होत.

भारतातील काही घटनांवरून हे ध्यानात येईल. २२ डिसेंबर २०१५ रोजी कोलकाता विमानतळावर जेट एअरवेजची एक बस उभ्या असलेल्या एटीआर विमानावर आदळली व विमानाचे मोठे नुकसान झाले. चालकाला डुलकी लागल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. २ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीत एक मोटारगाडी उभ्या विमानाच्या नाकाखाली शिरली आणि पुढच्या चाकापासून थोडक्यात थांबली. १८ एप्रिल २०२५ रोजी बंगळूर येथे एक लहान प्रवासी गाडी उभ्या विमानाच्या खालच्या भागावर आदळली. १४ जुलै २०२५ रोजी मुंबईत मालवाहू गाडीचा धक्का अकासा एअरच्या उभ्या विमानाला लागला. या घटनांत विमान स्थिर होते, हे लक्षणीय होय. मुंबईत जून २०१९ मध्ये तर वादळी वाऱ्याने एका कंपनीची शिडी ढकलत नेऊन दुसऱ्या कंपनीच्या उभ्या विमानावर आपटली. पावसाळ्यातील मुंबईत ॲप्रनवरील प्रत्येक चाकाखाली लाकडी किंवा रबरी ठोकळा का असावा लागतो, हे त्यावरून समजते.

चालत्या विमानाच्या टकरीचे महाराष्ट्रातील अलीकडील उदाहरण पुण्याचे आहे. १६ मे २०२४ रोजी पुण्याहून दिल्लीस निघालेले, सु. १८० प्रवासी असलेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे टॅक्सी करीत असता एका टग ट्रॅक्टरवर आदळले. विमानाच्या नाकाला व चाकाजवळच्या भागाला इजा झाली. प्रवाशांना उतरवून दुसऱ्या विमानाने पाठविण्यात आले. कोणी जखमी झाले नाही. याच लोहगाव विमानतळावर १५ फेब्रुवारी २०२० रोजी यापेक्षा गंभीर प्रसंग ओढवला होता. उड्डाणासाठी वेगाने धावणाऱ्या एअरबस ए ३२१ विमानाच्या वैमानिकांना धावपट्टीवर एक जीप व एक माणूस दिसला. वेग एवढा वाढलेला होता, की थांबणे शक्य नव्हते. त्यांनी नेहमीपेक्षा आधीच नाक उचलले. शेपटीकडचा भाग धावपट्टीला घासला, पण विमान जीपवरून पार गेले आणि दिल्लीस सुखरूप उतरले. लोहगाव हे मुळात भारतीय वायुसेनेचे ठाणे असून धावपट्टी व हवाई नियंत्रण वायुसेनेकडे आहे.

बीड रस्त्यावरील अपघात : २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७-२०० विमान (उड्डाण क्रमांक ४९१) दिल्लीहून जयपूर, उदयपूरमार्गे औरंगाबादेस (आता छत्रपती संभाजीनगर) आले. तेथून ते मुंबईस जावयाचे होते. विमानात कर्मचाऱ्यांसह ११८ जण होते. दुपारी एकच्या सुमारास चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीवरून पूर्वेकडे तोंड करून विमानाने धाव घेतली. धावपट्टी जवळजवळ संपत असतानाच ते जमीन सोडून वर उठले. धावपट्टीच्या टोकापलीकडून उत्तर–दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावरून त्याच वेळी कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेली एक मालमोटार चालली होती. विमानाचे डावे मुख्य चाक आणि डाव्या एंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सु. सात फूट (सु. २·१ मी.) उंचीवर तिच्यावर आदळला. जबर इजा झालेले विमान तसेच पुढे गेले. धावपट्टीच्या ईशान्येस सु. ३ किमी. वर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकून ते जमिनीवर कोसळले व पेटले. ५५ जण मृत्यू पावले. ६३ जण वाचले.

चौकशीत अपघाताची दोन कारणे नोंदविली गेली. वैमानिकांनी नाक उचलण्यास उशीर केला व ते उचलण्याची त्यांची पद्धत चुकली, हे पहिले. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे. १९८६ मध्ये स्थापन झालेले हे प्राधिकरण पुढे १ एप्रिल १९९५ रोजी आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणासह भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले.

या दोन कारणांचा परस्परसंबंध समजण्यास थोडे गणित उपयोगी पडते. या जातीची विमाने ताशी अडीचशे किमी. च्या आसपास वेग आल्यावर नाक उचलतात. या वेगाने विमान दर सेकंदाला सु. ७० मी. पुढे जाते. म्हणजे तीन सेकंदांचा उशीर दोनशे मी. धावपट्टी गिळून टाकतो. त्यात मराठवाड्यातील एप्रिलची दुपार. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सु. ५८० मी. उंचीवर आहे. तेथे हवेचे तापमान ४०° से. असल्यास हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित घनतेपेक्षा सु. १४ टक्क्यांनी कमी भरते. विरळ हवेत पंखांना तेवढाच उचल-जोर मिळविण्यास जमिनीच्या सापेक्ष सु. आठ टक्के अधिक वेग लागतो आणि एंजिनांचा जोर मात्र घटतो. धाव लांबते व चढ मंदावतो. वैमानिक हे सर्व उड्डाणापूर्वी तक्त्यांवरून काढतात आणि त्यानुसार वजन मर्यादित ठेवतात. परंतु धावपट्टीच्या टोकापलीकडे रस्ता आहे व त्यावर या क्षणी उंच भरलेली मालमोटार येईल की नाही, हे कोणत्याही तक्त्यात नसते.

म्हणूनच विमानतळाची आखणी करताना धावपट्टीच्या टोकापलीकडील सार्वजनिक रस्ता हा केवळ रस्ता न समजता साडेचार-पाच मी. उंचीचा अडथळा समजावयाचा असतो. कारण तेवढ्या उंचीचे वाहन त्यावर केव्हाही येऊ शकते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार धावपट्टीच्या टोकापुढे ६० मी. चा मोकळा पट्टा आणि त्यापुढे निदान ९० मी., शक्य तर २४० मी., लांबीचे सुरक्षा क्षेत्र राखावयाचे असते. रस्ता हलविता येत नसेल, तर उड्डाणाच्या वेळी फाटक लावून वाहने थोपविणे एवढाच उपाय उरतो. जिब्राल्टर येथे तर मुख्य रस्ता धावपट्टीच ओलांडून जात असे. विमान येण्याच्या वेळी तेथे फाटके पडत. मार्च २०२३ मध्ये भुयारी मार्ग सुरू झाल्यावर मोटारगाड्या तिकडे वळविण्यात आल्या. बीड शहराला १९९३ मध्ये रेल्वे नव्हती (ती सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरकडून आली) आणि विमानतळ आजही नाही. औरंगाबादकडील त्याची सारी ये-जा रस्त्यानेच चाले. अशा रस्त्यावर दिवसातील मोजक्या उड्डाणांसाठी काही मिनिटे फाटक लावणे मुळीच अवघड नव्हते. मालमोटार सार्वजनिक रस्त्यावरून आपल्या वाटेने जात होती. १९९३ च्या वैमानिकांनी नाक उशिरा उचलले व २०२० च्या वैमानिकांनी लवकर उचलले, या भेदाइतकाच धावपट्टीवर किंवा तिच्या तोंडाशी वाहन होतेच का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

इतर देशांतील घटना : धावपट्टीवरील टकरी संख्येने थोड्या, परंतु अत्यंत प्राणघातक असतात. ३१ ऑक्टोबर १९७९ रोजी मेक्सिको सिटी येथे दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवर उतरू लागलेले डीसी-१० विमान मालमोटारीवर आदळून ७३ जण मृत्यू पावले. ११ ऑक्टोबर १९८४ रोजी सायबीरियातील ऑम्स्क येथे ओली धावपट्टी सुकविण्यासाठी गेलेल्या वाहनांवर तू-१५४ विमान उतरले. १७८ जण मृत्यू पावले. वाहनांना परवानगी देऊन नियंत्रक झोपी गेला होता. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेई येथे सिंगापूर एअरलाइन्सचे विमान वादळी पावसात चुकून बंद धावपट्टीवरून उडू लागले व बांधकाम यंत्रांवर आदळले. ८३ बळी पडले. २० ऑक्टोबर २०१४ रोजी मॉस्कोत बर्फ हटविणाऱ्या गाडीला धडकून एका लहान जेट विमानातील चौघेही मृत्यू पावले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी पेरूतील लिमा येथे सरावासाठी निघालेला अग्निशामक बंब उड्डाण करणाऱ्या विमानापुढे आला. विमानातील सर्वजण वाचले. बंबावरील तीन जवानांचे प्राण गेले. यांतील वाहनचालक बहुधा परवानगी आहे अशा समजुतीने किंवा प्रत्यक्ष परवानगीने तेथे होते. बेशिस्त हे कारण क्वचितच आढळते.

टॅक्सी करणाऱ्या विमानाच्या टकरीचे बारकाईने तपासलेले उदाहरण टोराँटोचे आहे. १० मे २०१९ रोजी पहाटेपूर्वी पावसात इंधनाची टाकीगाडी चालत्या डॅश-८ विमानावर आदळली आणि काही प्रवासी जखमी झाले. गाडीच्या पुढच्या भागातील उचलण्याच्या फलाटाचा सांगाडा चालकाच्या दृष्टीआड येत होता व काचांवर बाष्प साचले होते. पाहूनही न दिसणे, असा हा प्रकार होता.

न कळविलेली टक्कर : किरकोळ धक्का अनेकदा मोठ्या टकरीपेक्षा धोकादायक ठरतो, कारण तो लपविता येतो. २६ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेत सिॲटल येथे सामानाच्या गाडीचा धक्का एका एमडी-८३ विमानाला लागला. कर्मचाऱ्याने तो कळविला नाही. विमान सु. ७,९०० मी. उंचीवर असता त्या जागी भगदाड पडून आतील हवेचा दाब एकाएकी घटला. वैमानिकांनी ते परत आणून उतरविले. धातूच्या आवरणावर निदान पोचा दिसतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए ३५० यांच्या कार्बन तंतूंच्या संमिश्र आवरणात वरून काहीही न दिसता आतील थर सुटे होऊ शकतात. धक्का देणाऱ्याने तो स्वतः सांगितल्याखेरीज तो कळण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. कळविले तर नोकरी जाईल, ही भीती ज्या विमानतळावर असते तेथील विमाने, लेखकाच्या मते, कमी सुरक्षित समजावीत. भारतात ॲप्रनवरील कामगार पुष्कळदा ठेकेदाराचे व अल्प वेतनावरील असतात, ही वस्तुस्थिती येथे ध्यानात घ्यावी लागते. जमिनीवरील अशा नुकसानीचा वार्षिक खर्च २०३५ पर्यंत सु. १,००० कोटी डॉलरवर जाईल, असा अंदाज आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाने २०२२ मध्ये वर्तविला होता.

प्रतिबंध : विमानतळाच्या आतील भागात वाहन चालविण्यास नेहमीचा परवाना पुरत नाही, प्रशिक्षण व परीक्षा घेऊन वेगळा परवाना देतात. वाहनालाही तपासणीनंतर स्वतंत्र अनुज्ञा लागते. ॲप्रनवरील वेगमर्यादा बहुधा ताशी १५ ते ३० किमी. असते. सेवावाहने पिवळ्या, तर आपत्कालीन वाहने तांबड्या किंवा पिवळसर हिरव्या रंगाची असतात. त्यांवर अनुक्रमे पिवळा व निळा लुकलुकणारा दिवा असतो. तात्पुरत्या आलेल्या वाहनावर ०·९ मी. चौरस, चौकटींचा पांढरा-नारिंगी किंवा पांढरा-तांबडा झेंडा लावतात. धावपट्टीच्या तोंडाशी टॅक्सीपथावर थांबरेषा आखलेली असून तेथे तांबड्या दिव्यांची ओळ बसवितात. ते विझल्याखेरीज विमान वा वाहन पुढे जाऊ शकत नाही. नियंत्रकाने दिलेली परवानगी चालकाने शब्दशः परत म्हणून दाखवावयाची असते. वाहन धावपट्टीवर असेपर्यंत नियंत्रक आपल्यासमोर ‘धावपट्टी व्याप्त’ अशी पट्टी ठेवतो. ही साधी पट्टी आजही सर्वांत भरवशाच्या उपायांपैकी एक मानली जाते.

दिल्ली व मुंबई यांसारख्या मोठ्या विमानतळांवर भूपृष्ठ रडार बसविलेले आहे. त्यावर दाट धुक्यात किंवा मुसळधार पावसातही विमानांच्या व वाहनांच्या जागा नियंत्रकाला दिसतात आणि दोन मार्ग छेदू लागल्यास इशारा मिळतो. ज्या वाहनांवर ओळख कळविणारे प्रेषक यंत्र असते त्यांची नावेही पडद्यावर उमटतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका दिवसात हजाराच्या आसपास विमानांची ये-जा होते. तेथे अशा यंत्रणेवाचून भागत नाही. लहान विमानतळांवर ही यंत्रणा खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही. तेथे नियंत्रकाचे डोळे, दुर्बीण व रेडिओ यांवरच काम चालते.